कादंबरीतला निवेदक ऑपेरात कुठे जातो? – ‘त्रोंप-ला-मॉर’विषयी

पैलतीर:
लुका फ्रांचेस्कोनी यांच्या ‘त्रोंप-ला-मॉर’ या फ्रेंच ऑपेराविषयी जाणकारांचे मत हवे आहे. तो बाल्झाक या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच लेखकाच्या ज्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे, त्या ‘इल्युझियाँ पेर्द्यु’ आणि ‘स्प्लाँदर ए मिझेर दे कुर्तिझान’ मी अनुवादातून वाचल्या आहेत. दोन्ही मिळून हजाराहून अधिक पाने होतात. त्यांतली खरी गोडी कथानकापेक्षा बाल्झाकच्या बोलण्यात आहे. तो मध्येच थांबतो, कर्जाचा हिशेब मांडतो, पोलीसखात्याची रचना समजावून सांगतो. एका संध्याकाळच्या ऑपेरात हा बोलणारा माणूसच नसेल, तर आत्महत्या आणि तोतयेगिरी यांनी भरलेले भडक नाट्य तेवढे उरणार नाही का?

खर्ज:
आपली शंका रास्त आहे, आणि संगीतकारालाही ती पडली असावी असे या ऑपेराच्या बांधणीवरून वाटते. मार्च 2017 मध्ये पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरागृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. सुझाना माल्की यांनी वाद्यवृंदाचे संचालन केले आणि लोराँ नौरी यांनी वोत्रँची, म्हणजे ‘त्रोंप-ला-मॉर’ या टोपणनावाच्या फरारी कैद्याची, भूमिका गायली. पॅरिस ऑपेराने फ्रेंच साहित्यावर आधारित तीन नव्या कृती करवून घेतल्या, त्यांतली ही पहिली. नंतरच्या दोन, ‘बेरेनीस’ (2018) आणि ‘ल सुलिए द सातँ’ (2021), नाटकांवरून केलेल्या आहेत. तिथे संवाद आयते मिळतात. कादंबरी हाती घेणाऱ्याला ते घडवावे लागतात, आणि फ्रांचेस्कोनी यांनी, स्वतः इटालियन असूनही, संहिता स्वतःच लिहिली.

गायला वेळ लागतो, ही पहिली अडचण. वाचताना डोळा जे वाक्य क्षणात ओलांडतो, ते गळ्यातून यायला कितीतरी अधिक वेळ घेते. आपल्या संगीत नाटकात निदान गद्य संवाद कथानक पुढे ढकलतात आणि पद त्यानंतर येते. सलग गायल्या जाणाऱ्या ऑपेरात ती सोय नसते. म्हणून फ्रांचेस्कोनी यांनी कथा ओळीने सांगण्याऐवजी तिचे थर केले: वर उच्चभ्रू समाजाचा दिखावा, त्याखाली पात्रांची कारस्थाने, त्यांना छेद देणारा ल्यूसियाँ हा तरुण कवी आणि एरेरा (पाद्र्याच्या वेषातला वोत्रँच) यांचा पॅरिसकडचा प्रवास, आणि तळाशी हे सारे हलवणारी यंत्रणा. बाल्झाक वाचकाला बाजूला घेऊन जे सांगतो, त्यातले बरेचसे काम ही रचना आणि वाद्यवृंद करतात, असे मला वाटते. गी कासियर्स यांच्या दिग्दर्शनातही पडद्यांवर पाले गार्निएचेच अंतरंग दिसत होते. (ही इमारत 1875 ची, म्हणजे बाल्झाकच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी उघडलेली; तरीही मला ती निवड चपखल वाटते, कारण न्याहाळला जाणारा समाज आणि प्रेक्षागृह यांत अंतर राहत नाही.)

समासातली नोंद:
मला हे तितकेसे पटत नाही. क्लोतिल्द या सरदारघराण्यातल्या मुलीशी लग्न करायचे तर ल्यूसियाँकडे दहा लाख फ्रँकची जमीन हवी, आणि ते पैसे एस्तेर या त्याच्या गणिका प्रेयसीच्या मोबदल्यात न्यूसँझेन या बँकरकडून उकळायचे, हा व्यवहार कादंबरीचा कणा आहे. रकमा गाऊन कळत नाहीत. शिवाय न्यूसँझेनचे जर्मन वळणाचे फ्रेंच बाल्झाक अक्षरे बदलून लिहितो, ‘ब’च्या जागी ‘प’ आणि ‘द’च्या जागी ‘त’. वाचताना होणारी ती ठेचकाळणी हाच त्यातला विनोद आहे.

खर्ज:
रकमांबाबत हार मानतो. पण उच्चारांच्या बाबतीत गायनाकडेही स्वतःचे काही आहे. रोजच्या फ्रेंच बोलण्यात शब्दाच्या शेवटचा ‘e’ गिळला जातो, आणि गाताना मात्र पुढे व्यंजन आले की त्याला परंपरेने स्वतंत्र स्वर दिला जातो. ‘त्रोंप्-ला-मॉर’ हे बोलताना तीन झटके. गाताना ‘त्रों-प-ला-मॉर’ अशी चार अक्षरे होऊ शकतात. ‘मृत्यूला चकवणारा’ या अर्थाचे कैद्यांनी ठेवलेले ते टोपणनाव लांबवायचे की तोडायचे, याचा निर्णय संगीतकाराला करावाच लागतो. पुस्तक तो वाचकावर सोडते.

पैलतीर:
दोघांचेही आभार. त्या प्रवासाला संगीतकाराने स्वतंत्र थर दिला आहे, हे कळल्यावर पहिल्या कादंबरीचा शेवट पुन्हा काढून वाचला. जीव द्यायला निघालेल्या ल्यूसियाँच्या हातात पिवळ्या रानफुलांचा गुच्छ आहे, आणि त्याच रस्त्यावर पाद्र्याच्या वेषातला फरारी कैदी त्याला गाठतो. पुढे रास्तिन्याक या बाल्झाकच्या आणखी एका तरुण नायकाच्या घराजवळून जाताना तो पाद्री थांबून ते निरखतो. त्याने एकेकाळी रास्तिन्याकलाही यश आणि पैशाचा असाच सौदा देऊ केला होता, हे ‘ल पेर गोरियो’ ही बाल्झाकची आधीची कादंबरी वाचलेल्यालाच कळते. ल्यूसियाँला काहीच ठाऊक नसते. निवेदक तिथे जवळजवळ गप्प आहे. ऑपेरा ऐकताना मी आधी तेवढाच प्रसंग शोधणार आहे.