तीन हॅलोजन लावले की पाऊण तासाने एमसीबी का पडते?

प्रश्न
गणपतीच्या आराशीसाठी आम्ही दिवाणखान्यात ५०० वॉटचे तीन हॅलोजन लावले आहेत. त्याच लायटिंगच्या सर्किटवर तीन पंखे आणि चार जुन्या ट्यूबलाइट आहेत. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) ६ अँपिअरची, सी प्रकारची आहे. सगळे एकदम चालू केले तरी काही होत नाही. मात्र पाऊण तासाने ती पडते आणि लगेच वर केली तर पाच-दहा मिनिटांत पुन्हा पडते. शॉर्ट असता तर ती तत्क्षणी पडली असती ना? आमचे वायरमन १६ अँपिअरची बसवू म्हणतात. बसवावी का?

उत्तर १
आपला तर्क बरोबर आहे, हा शॉर्ट नव्हे. हॅलोजनचे १५००, पंख्यांचे सुमारे २२५ आणि ट्यूबचे १६० असे मिळून १८८५ वॉट होतात. २३० व्होल्टला भागले की ८.२ अँपिअर, म्हणजे एमसीबीच्या क्षमतेच्या १.३७ पट. एमसीबीत दोन धातूंची एकावर एक जोडलेली पट्टी असते. प्रवाहाने ती तापते, दोन्ही धातू कमी-अधिक प्रसरण पावत असल्याने वाकते आणि खटका सोडवते. मानकानुसार १.१३ पट प्रवाहाला घरगुती एमसीबीने तासभर टिकले पाहिजे आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडले पाहिजे. आपला भार नेमका या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून बंद, तापलेल्या डीबीत (एमसीबी बसवलेल्या पेटीत) ती पाऊण तासाने पडते. लगेच वर केली तर पट्टी अजून गरमच असते. शॉर्टसाठी वेगळी चुंबकीय कळ असते; सी प्रकारात ती ५ ते १० पट प्रवाहाला क्षणार्धात सुटते.

उत्तर २
१६ अँपिअरची मुळीच बसवू नका, ही कळकळीची विनंती. एमसीबी भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असते. लायटिंगला बहुधा १.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढलेली असते. १६ची एमसीबी तिच्यातून २३ अँपिअरपर्यंतचा प्रवाहही बराच वेळ वाहू देईल, आणि एकाच पाइपात इतर वायरींसोबत कोंबलेल्या तारेचे आवरण तोवर मऊ पडून करपू लागेल. मेन बंद करून वायरमनकडून एमसीबीचे स्क्रूही तपासून घ्या. ढिल्या स्क्रूपाशी उष्णता निर्माण होते, ती पट्टीपर्यंत पोहोचते आणि भार बेताचा असतानाही एमसीबी पडते. वायरचे टोक तपकिरी झाले असेल, तर कारण तेच समजावे.

प्रश्नकर्ता
वायर १.५चीच आहे. मग हॅलोजन स्वयंपाकघरातल्या पॉवर सॉकेटवर घेऊ का?

उत्तर १
त्याची वायर आणि एमसीबी वेगळी असेल तर चालेल. मात्र त्याच वेळी त्यावर गीझर किंवा मिक्सर नको. त्याहून चांगले म्हणजे ५० वॉटचे तीन एलईडी फ्लड लावा. एकूण भार ५३५ वॉट, म्हणजे २.३ अँपिअरवर येईल, आणि मखराच्या कापडाजवळ हॅलोजनची धगही राहणार नाही. एलईडी लावल्यावर बटण दाबताक्षणीच एमसीबी पडली, तर ते त्यांच्या ड्रायव्हरमधील (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधील) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरतानाच्या क्षणिक झटक्यामुळे असू शकते. त्यासाठी ते दिवे दोन बटणांवर विभागावेत.