पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन सक्तीचं असावं का?

तापीकाठ (धागाकर्ता):
नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला फिल्ड प्रोजेक्ट आला आणि आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक तट म्हणतो, बीए-बीएस्सीच्या पोरांकडून कसलं संशोधन होणार, नुसत्या फायली भरल्या जातात, बंद करा. मी जळगाव जिल्ह्यात भूगोल शिकवतो आणि माझं ठाम मत उलट आहे. प्रत्येकानं करायला हवं. अट एकच: विषय आपल्या गावशिवाराचा, आणि कच्ची वही दाखवल्याशिवाय मार्क नाहीत.

आपल्याकडचा रानपिंगळा घ्या, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. शंभराहून जास्त वर्षं पक्षी इथेच होता, आणि तोही दिवसाउजेडी फिरणारा. गुरं चारणाऱ्यांच्या नजरेला तो पडला नसेल हे मला पटत नाही. साध्या पिंगळ्याहून हा वेगळा आहे, असं लिहून ठेवणारं इथलं कोणी नव्हतं. ते अमेरिकेहून येऊन लिहावं लागलं.

तासिकावाला:
सर, मीही शिकवतो, तासिका तत्त्वावर. माझ्याकडे तपासायला येणारे प्रोजेक्ट तुम्ही बघायला हवेत. सर्वेक्षणाचे पन्नास फॉर्म, सगळे एकाच पेनाने, एकाच दाबाने टिक केलेले. वयं 30, 35, 40, 45. खऱ्या गावात कोणीतरी 37 वर्षांचं निघतंच ना? हे फॉर्म हॉस्टेलच्या खोलीत एका रात्रीत भरलेले असतात आणि उरलेली पानं झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतात. सक्ती केली की हेच होणार.

आणि तुमच्याच पिंगळ्याची पुढची गोष्ट सांगतो. मधल्या काळात शोधणारे वाट चुकले, त्यात एका खोट्या नोंदीचा हात होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्यानं 1914 साली हा पक्षी गुजरातेत मांडवीला मिळाल्याचं दाखवलं. प्रत्यक्षात तो नमुना जेम्स डेव्हिडसननं 1880 च्या दशकात खान्देशात मिळवलेला होता, म्युझियममधून चोरून त्यावर नवं लेबल लावलेलं. रासमुसेननं ती नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला, तेव्हा कुठे पक्षी दिसला. एका खोट्या लेबलाची ही किंमत. आपण तर दरवर्षी ढिगानं खोटे फॉर्म तयार करतोय.

केळीबाग_यावल:
मास्तर लोकहो, मी शेतकरी, पोरगी बीएस्सीला आहे. भाऊ, तुन्हं बरोबर शे, पण सक्ती नको म्हणून प्रश्न सुटत नाही. आमच्याकडे केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग येतो, कोवळी झाडं उपटून फेकावी लागतात. मावा तो पसरवतो हे कृषीवाले सांगतात. पण कोणाच्या बांधाला काकडी होती, कोणाकडे टोमॅटो होता, आधी कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात झाली, हे गावात कोणी मांडून ठेवलेलं नाही. याला लॅब लागत नाही. वही घेऊन शिवार फिरणारी पोरं लागतात.

पाण्याचंही तेच. भूजल खातं निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतं: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. आमच्या गल्लीतली विहीर त्यांच्या यादीत नाही. पोरीनं टेपला वजन बांधून दर रविवारी सोडायला सुरुवात केली. कुठला पंप चालू होता, तेही लिहिते. तिचे आकडे गोल नसतात, तासिकावाले सर.

डोंगरवाट_अक्कलकुवा:
मी विरोधात आहे, आणि माझं कारण वेगळं आहे. तुम्ही सगळे संशोधन करणाऱ्याच्या बाजूनं बोलताय. आमच्या पाड्यावर कुपोषण, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), स्थलांतर, सगळ्यावर फॉर्म भरायला येतात. आई गुजरातला ऊसतोडीला गेलेली असते, घरात म्हातारी आजी, तिला पावरीच येते. विचारणारा मराठीत विचारतो, मग मधलाच कोणी उत्तर देतो आणि तेच आजीच्या नावावर लिहिलं जातं. सिकलसेल कोणाला आहे हे चारचौघांत विचारतात. पुढे त्या मुलीचं लग्न जमताना काय होतं, याचा विचार कोणी केला? निकाल काय लागला हे सांगायला आजवर एकही जण परत आलेला नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला सक्ती केलीत तर हा लोंढा दसपट होईल.

तापीकाठ:
ताई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. आजाराच्या माहितीला पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी हात लावूच नये, या मताचा मी आहे. पण पावरी बोलणारी मुलगीच पाड्यावर वही घेऊन गेली तर? माणसांना न विचारता होणारी कामंही खूप आहेत. पांझरेवर फड पद्धत आहे: बंधाऱ्याचं पाणी, एका फडात एकच पीक, पाटकरी पाळीनं पाणी देणार. आज कुठले पाट वाहतात, कुठले बुजले, हे भूगोल आणि अर्थशास्त्राच्या मुलांनी मिळून नकाशावर घ्यावं. धुळ्यात इतिहासकार वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. मोडी शिकलेला इतिहासाचा विद्यार्थी तिथल्या एका कागदाचं नीट लिप्यंतर करू शकला, तरी मी पूर्ण मार्क देईन.

एसवायबीए_पारोळा:
सर, मी विद्यार्थी आहे. दुपारनंतर दुकानात कामाला जातो. मला करायचंय, अहिराणीतली शेतीची औतं आणि त्यांच्या भागांची नावं गोळा करायचीत, आजोबा आहेत तोवर. पण ‘हा विषय जुना वाटतो, सोशल मीडियाचा तरुणांवरील परिणाम घे’ असं सांगण्यात आलं. वर्गातल्या बऱ्याच जणांचा तोच विषय आहे. कॉपी नाही करणार तर काय करणार?

तासिकावाला:
पारोळ्याच्या भाऊ, तू आजोबांचं काम सोडू नकोस. प्रत्येक औताचा फोटो घे, सांगणाऱ्याचं गाव आणि वय लिही, रेकॉर्डिंग ठेव.

तापीकाठ सर, अशा पोराला मी जीव तोडून मार्गदर्शन करीन. पण माझ्या वाट्याला सगळा वर्ग येतो आणि मला पैसे मिळतात ते फक्त घेतलेल्या तासाचे. कच्ची वही तपासायची, विहिरीवर जाऊन खात्री करायची, हे माझ्या कुठल्या तासात बसतं? माझ्या हातात असेल तर ज्यांना करायचंय त्यांनाच द्यावं, बाकीच्यांना दुसरा पेपर. माझा विरोध कायम.

केळीबाग_यावल:
मग तो तास तुमच्या पगारात धरायला लावा ना, सर. त्यासाठी अर्ज लिहा, पालक म्हणून पहिली सही माझी घ्या. पोरांचं काम का बंद करता?