बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी आधी अवतार-मुलांसमोर शिकवावं का?

फळा_आणि_खडू

बी.एड. महाविद्यालयात सोळा वर्षं शिकवते आहे. सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव-पाठांचे दिवस आले की दर वर्षी तेच दृश्य. एक विद्यार्थिनी प्रश्न कौशल्याचा पाठ घेते आणि तिचेच दहा वर्गमित्र बाकांवर सातवीची मुलं होऊन बसतात. सगळे हात वर करतात, उत्तरं बरोबर देतात, कारण पुढचा पाठ त्यांच्यापैकीच कुणाचा तरी असतो. पाठ ६ मिनिटं, प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं) ६, पुनर्नियोजन १२, परत पाठ ६, परत प्रत्याभरण ६. ३६ मिनिटांचं चक्र वहीत पूर्ण. मग हीच मुलगी आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, खऱ्या सातवीत उभी राहते. मागून कुणीतरी विचारतं, "मॅडम, हे परीक्षेला येणारे का?" आणि तिचं पुढचं वाक्यच हरवतं.

अमेरिकेत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात 'टीचलाइव्ह' नावाची व्यवस्था तयार झाली. मोठ्या पडद्यावर वर्ग, त्यात संगणकाने उभी केलेली पाच अवतार-मुलं. पडद्याआड एक प्रशिक्षित माणूस असतो. शिकवणारा काय बोलतो ते ऐकून तो त्या मुलांच्या तोंडून उत्तरं देतो, कुरकुरतो, विषय भलतीकडे नेतो. फसलं तर थांबायचं आणि तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा. खऱ्या मुलांचा बुडालेला तास असा परत मिळत नाही.

आपले विद्यार्थी पहिल्या चुका खऱ्या मुलांवर करतात, हे मला फार टोचतं. माझं मत, सूक्ष्म अध्यापनाच्या जागी हे यावं. विरोध असेल तर सविस्तर लिहा.

धडगावकर

माझा विरोध आहे, आणि तो खर्चासाठी नाही.

मी द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे. मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत. दिवाळीनंतर काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि ती अक्षरं विसरलेली असतात. हे त्या पडद्यावर कोण उभं करणार? तुमचं अवतार-मूल निदान कुरकुरतं तरी. माझ्याकडचं मूल पहिले कितीतरी दिवस बोलतच नाही. त्याला येत नाही, की कळलं नाही, की भीती वाटते, हे त्याच्या बसण्यावरून ओळखावं लागतं.

दुसरं असं, की पाच मुलांना पाच ठरलेले स्वभाव दिलेले असतात. एक खोडकर, एक अबोल, एक हुशार. यावर सराव केलेला शिक्षक खऱ्या वर्गातही पहिल्याच दिवशी असेच कप्पे पाडेल. 'ढ' हा शिक्का आपण अजून पुसू शकलेलो नाही, त्यात ही भर नको.

नीलाकाश

वैमानिकाला आपण असं म्हणत नाही की थेट प्रवासी घेऊन उडव आणि शीक. एडविन लिंकने १९२९ मध्ये जमिनीवरचं सराव-विमान बनवलं आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावर तयार झाले. शिक्षकालाच ही मुभा का नाही?

धडगावकर

विमानाची दांडी ओढली की ते दर वेळी तसंच वागतं. मूल आज वागलं तसं उद्या वागत नाही.

नीलाकाश

मान्य. पण म्हणूनच तर पडद्याआड माणूस ठेवलाय ना?

ताळेबंद

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटते आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये अशाच अवतार-वर्गावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. भावी शिक्षकांचे दोन गट. एका गटाला दोन सत्रांच्या मध्ये मार्गदर्शकाने पाचच मिनिटं नेमकं सांगितलं, काय सुधारायचं आणि कसं. दुसऱ्या गटाने आपल्या पाठावर स्वतःच विचार केला. पहिला गट दुसऱ्या सत्रात स्पष्टपणे सुधारला, दुसरा जवळजवळ जागेवरच राहिला. पडदा दोघांनाही तोच होता.

वहीतले_पाठ

मग आमच्याकडे हे कशाला आणायचं? ज्या महाविद्यालयातून मी बी.एड. केलं त्याचं नाव लिहीत नाही. २०१५ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, त्यात शालेय आंतरवासिता २० आठवड्यांची. माझे २० आठवडे वहीत झाले. शाळेची सही, शाळेचा शिक्का, पाठ टाचणं (पाठांची लेखी आखणी) मागच्या वर्षीच्या मुलाच्या वहीतून उतरवलेली. वर्गात प्रत्यक्ष अकरा तास घेतले, मागच्या बाकावर निरीक्षक म्हणून एकदाही कुणी बसलं नाही. नोकरीचं पहिलं वर्ष माझ्या मुलांना किती महाग पडलं ते मी रोज पाहिलं.

तो पडदा आला की उरलेले अकरा तासही जातील. 'अवतारांसमोर ४० पाठ पूर्ण' असं प्रमाणपत्र मिळेल आणि तपासणी समितीला तेही पुरेल.

फळा_आणि_खडू

हे वाचून काल रात्री बराच वेळ अस्वस्थ होते. 'सूक्ष्म अध्यापनाच्या जागी यावं' हे माझं वाक्य मागे घेते. शाळेतला एकही तास कमी करून हे आणू नये. पण त्या बाकांवरच्या दहा आज्ञाधारक वर्गमित्रांचं समर्थन मी अजूनही करू शकत नाही. तेही सोंगच आहे, आणि कच्चं सोंग आहे. पडदा असो की बाक, मुलाची भूमिका करणाऱ्याने मुलं जवळून पाहिलेली हवीत आणि पाठ संपल्यावर तोंडावर सांगणारं कुणीतरी हवं.

या सत्रात एवढं करते. मुलं म्हणून वर्गमित्र बसवणार नाही, जवळच्या शाळांतल्या शिक्षकांना बोलावते. धडगावकर, तुमचं ते न बोलणारं मूल मला नीट लिहून द्याल का? भूमिका करणाऱ्यांना वाचायला देईन.

धडगावकर

देतो. पहिले आठ-दहा दिवस दाराजवळ बसतं, जागा बदलली तर रडत नाही, उठून परत तिथेच जातं. नाव विचारलं तर शेजारचं मूल सांगतं. 'समजलं का' विचारलं की मान हलवतं, आणि ती मान प्रत्येक प्रश्नाला हलते, हे नव्या शिक्षकाला महिनाभर कळत नाही. पाटीवर काहीतरी काढतं आणि आपण जवळ गेलो की पाटी पालथी ठेवतं. ती पाटी उचलून बघायची नाही. आपण आपली पाटी घेऊन शेजारी बसायचं, शेळी काढायची, आणि 'हिला तुमच्यात काय म्हणतात' असं त्याला विचारायचं. माझ्या वर्गात पहिला शब्द असाच आला होता, सप्टेंबरात.