मदत हवी आहे: पीसवर इन्सेंटिव्ह चालू केल्यापासून शॉपमध्ये रोज भांडणं, हिशोब कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीकडनं कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. चार व्हीएमसी (उभी मिलिंग मशिनं), दोन टर्निंग सेंटर (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ), माणसं वीसच्या आत. एचआर वगैरे काही नाही, हजेरी वडील बघतात, पगार मी काढतो, आणि कोण सोडून चाललाय हे आमच्याआधी गेटसमोरच्या चहावाल्याला कळतं.

वडिलांचं म्हणणं, दिवाळीला बोनस दिला की बास. पण तो ८.३३ टक्के आम्ही सगळ्यांना सारखाच देतो, मरमर काम करणाऱ्यालाही तेवढाच आणि मोबाईल बघत बसणाऱ्यालाही तेवढाच. म्हणून मी टार्गेटच्या वरच्या प्रत्येक पीसला दोन रुपये असं चालू केलं. काउंट वाढला, खोटं कशाला बोलू. पण आता प्रकार असा झालाय की ब्रॅकेटचा पीस लोडिंग-अनलोडिंग धरून अडीच मिनिटात निघतो आणि पंपाच्या केसिंगला साडेदहा मिनिटं लागतात, त्यामुळे ब्रॅकेटच्या मशीनवर कोण उभं राहणार यावरून सकाळीच वाद, केसिंग कुणालाच नको. दुसऱ्या जॉबसाठी मशीनचं सेटिंग बदलायचं म्हटलं की तोंड वाकडं, कारण त्या वेळेचं काहीच मिळत नाही. कापायच्या हत्याराची टिप चिपली तरी तशीच रेटतात, बोअर (आतलं भोक) मोठा झाला की "ब्लोहोल होता साहेब" (कास्टिंगमध्येच हवेची पोकळी होती) ठरलेलं. बर (कडेला राहिलेली धारदार कड) काढायचं काम सगळं हेल्परवर.

वर दोन चांगली पोरं कागलच्या मोठ्या कंपनीकडं बघतायत. एकानं सल्ला दिला की बॉंड लिहून घे आणि आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घे, मला ते काही पटलं नाही.

(जोतिबाच्या यात्रेला मशिनं बंद राहणार हे आम्ही केव्हाच मान्य केलंय, त्यावर सल्ला नको 😀)

तुमच्याकडं छोट्या शॉपमध्ये हे कसं बसवलंय? सॉफ्टवेअर घ्यायची ऐपत नाही, वही आणि एक्सेल आहे.

फिक्स्चरवाला:
पीस मोजू नका, मिनिटं मोजा. प्रत्येक जॉबची ठरलेली मिनिटं गुणिले ओके पीस. जेवण-चहा सोडून शिफ्टमध्ये ४२० मिनिटं धरली तर ब्रॅकेट १६८ आणि केसिंग ४०, दोन्हीकडं ४२०च मिनिटं होतात, मग मशीनवरून भांडायला कारण उरत नाही. सेटिंगलाही ठरावीक मिनिटं जमा धरा. कास्टिंग आलं नाही, लाईट गेली, तर ती मिनिटं शिफ्टमधून वजा करा, त्याचा भुर्दंड ऑपरेटरला नको. टक्केवारी म्हणजे जमा मिनिटं भागिले शिफ्टची मिनिटं; इन्सेंटिव्ह १०० टक्क्याच्या वर चालू केला तर कुणी धावणारच नाही, आमच्याकडं ८० ला सुरू होतो.
टायमिंग घेताना सगळ्यात फास्ट पोराचं घेऊ नका, दोन्ही शिफ्टच्या वेगवेगळ्या माणसांचं घ्या. आणि एक गोष्ट लिहून ठेवा, पोरं जास्त कमवायला लागली म्हणून मिनिटं कमी करायची नाहीत. एकदा जरी केलंत तरी परत कुणी खरा स्पीड दाखवणार नाही. फिक्स्चर (पीस पकडायची चौकट) किंवा प्रोग्राम बदलला तरच परत टायमिंग, तेही त्यांच्यासमोर.

क्वालिटीवाली ताई:
सीआर (कास्टिंगमुळे रिजेक्ट) आणि एमआर (मशिनिंगमुळे रिजेक्ट) वेगळं लिहिता का? नसाल तर "ब्लोहोल होता" हे कायम ऐकावं लागेल. रिजेक्ट पीस भंगारात टाकायच्या आधी लाल ट्रेमध्ये जायला हवा आणि कास्टिंगचा दोष की मशिनिंगचा हे शिफ्ट संपायच्या आत ऑपरेटरसमोर ठरायला हवं. सीआरची मिनिटं ऑपरेटरला द्या, त्याचा काय दोष, ते फाउंड्रीच्या नावावर टाका. एमआरची देऊ नका. पण एमआरचे पैसे पगारातून कापायच्या भानगडीत अजिबात पडू नका हो, कापायला लागलात की खराब पीस चांगल्या बिनमध्ये मिसळतात आणि मग ते कस्टमरच्या लाईनवर सापडतात.

पगारपत्रक:
दोन गोष्टी. ईएसआयसीची (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे. १९-२० हजारवाला इन्सेंटिव्हमुळे वर गेला तर चालू कालावधी (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत कव्हर राहतो, पुढं बाहेर पडू शकतो. घरात कुणाचं औषधपाणी ईएसआयसीवर चालू असेल तर त्याला हे आधी सांगा, नाहीतर दोन हजार जास्त मिळाले म्हणून खूश झालेला माणूस नंतर तुम्हालाच शिव्या घालेल. नोव्हेंबर २०२५ पासून लेबर कोड (नवे कामगार कायदे) लागू झालेत, वेतनाची व्याख्या बदललीय, तुमच्या कन्सल्टंटकडून स्ट्रक्चर बघून घ्या. आणि इन्सेंटिव्ह दिला म्हणून ओव्हरटाईमचा डबल रेट चुकत नाही.
सर्टिफिकेट अडकवून ठेवायचं डोक्यातून काढा. सोडल्यावर दुसरीकडं काम करायचं नाही असं लिहून घेतलंत तरी करार कायद्याच्या कलम २७ पुढं ते टिकत नाही.

धागाकर्ता:
मिनिटांचं डोक्यात बसलं, ताई लाल ट्रे उद्याच ठेवतो. आता हेल्पर आणि सेटरचं (मशीनचं सेटिंग लावणारा) काय करू? त्यांच्या नावावर मिनिटंच नाहीत.

फिक्स्चरवाला:
शिफ्टच्या सगळ्या ऑपरेटरची सरासरी टक्केवारी काढा, त्यावर सेटरला आणि हेल्परला द्या. रेट कमी ठेवा हवा तर, पण द्या. हेल्परनं बर काढून पीस वेळेत दिला नाही तर ओके काउंट तिथंच अडकतो, मग ऑपरेटरच त्याला मदत करायला येतो.

धागाकर्ता:
हे चालेल. पहिले दोन महिने जुना आणि नवा हिशोब दोन्ही बोर्डावर लावतो, ज्यात जास्त पैसे येतील ते देतो. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.