मदत हवी आहे: बेघर निवारा केंद्र चार महिन्यांसाठी हलवायचंय, नाशिकमध्ये जागा कशी मिळवू?

सुईदोरा (सोमवार, रात्री ११.४०)
सरळ मुद्द्यावर येते. आमचं केंद्र मे अखेरीस रिकामं करायचंय. दुरुस्ती आहे, चार महिने लागतील म्हणतायत. तोवर जी जागा देऊ केलीय ती अजिबात चालणारी नाही. अर्ज केला, दोनदा समक्ष जाऊन आले. ‘फाईल वर गेलीय’ एवढंच ऐकायला मिळालं. दुसरी जागा, नाहीतर निदान भाड्याचे पैसे, असं काही मिळतं का? नियम काय आहे? कोणाच्या नावानं अर्ज करायचा? ज्यांना माहिती आहे त्यांनीच लिहा प्लीज. दहा दिवस उरलेत.

अडीच_पाव
दादा, ‘आमचं’ म्हणजे कोणाचं? इमारत संस्थेची का महापालिकेची? शहरात कुठे? माणसं किती, बायका-मुलं आहेत का? आणि देऊ केलेली जागा का चालत नाही? एवढं तरी लिहा, मग बोलू.

उपद्व्यापी
फार पुण्याचं काम करताय. आमच्या सोसायटीत दिवाळीला गोळा केलेली बावीस ब्लँकेट क्लब हाऊसमध्ये पडून आहेत. कुठे आणून देऊ?

मूळचा_भद्रकालीचा
काय भो, एवढं साधं आहे का ते? मे अखेरीस अधिक चार महिने म्हणजे सप्टेंबर अखेर. ३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण. लावा हिशोब. इमारत गेली म्हणून समजा. परत मिळत नसते.

सुईदोरा
दादा नाही, ताई. 🙂

घाईत लिहिलं, सॉरी. पंचवटीत आहे. इमारत सरकारी, चालवायला आमच्या संस्थेकडे. तळमजला अधिक एक. ३८ माणसं: २७ पुरुष, ९ बायका, २ लेकरं. कुठलं कार्यालय, कोण साहेब ते लिहीत नाही, मला पुढेही तिथेच जायचंय.

सिंहस्थाचं मला माहीत नाही, पण दुरुस्ती खोटी नाही. मागच्या महिन्यात चौदा नंबरच्या कॉटवर स्लॅबचा पोपडा पडला, परातीएवढा. त्या कॉटवरचे आजोबा लघवीला उठले होते म्हणून वाचले. तो तुकडा मी ऑफिसच्या टेबलावर ठेवलाय, पेपरवेटसारखा. कोणी पाहणीला आलं की आधी तो दाखवते.

देऊ केलेली जागा पाथर्डी फाट्याच्या पुढे एक हॉल. इथून आठ-दहा किलोमीटर. ३० बाय ४० फूट, दोन संडास, गेट रात्री दहाला बंद.

स्लॅबवाला
सिव्हिल इंजिनिअर आहे, २६ वर्षं हेच करतोय. सगळी इमारत रिकामी करायची गरजच नाही. स्टीलचे टेकू लावा, आधी वरचा मजला करा, लोक खाली. मग उलट. धागाकर्तीनं उगाच स्थलांतराच्या मागे लागू नये.

गोदाकाठी
@स्लॅबवाला, रिपोर्ट न बघता टेकू? पोपडा माणसाच्या कॉटवर पडलाय.

स्लॅबवाला
रिपोर्ट बघायला मिळाला तर बघेनच की. ताई, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये वर्गवारी काय दिलीय? सी-१ म्हणजे पाडायचीच. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी असेल तर रिकामी न करता दुरुस्ती होते. सी-३ किरकोळ. सगळा खेळ त्या एका अक्षरावर आहे आणि तुम्ही तेच लिहिलं नाहीत.

पावशेर
भिकाऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे ना, १९५९ चा? सरकारी भिक्षेकरी गृहात सोय होईल त्यांची. जेवणखाण फुकट.

सुईदोरा
@पावशेर, आमच्याकडचा एकही माणूस भीक मागत नाही. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात हमाली करणारे सात आहेत. लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जाणारे नऊ. एक मावशी रामकुंडावर वाती आणि द्रोण विकतात, एक काका सलूनमध्ये झाडलोट करतात. रजिस्टर दाखवते तुम्हाला: ‘रात्री १.५०, केटरिंग’, ‘रात्री २.१५, केटरिंग’, ‘पहाटे ३.३०, यार्ड, बाहेर’. आता कळलं का दहाला बंद होणारं गेट का चालत नाही? त्या वेळेला सिटीलिंकची बसही नसते. रिक्षानं पाथर्डी फाटा गाठायचा तर रात्रीची अर्धी मजुरी रिक्षावाल्याला.

पावशेर
मी फक्त विचारलं. लगेच चिडायचं कारण नव्हतं.

अनुस्वार
@पावशेर, विचारलं नाहीत, सुचवलंत. तो कायदा भीक मागण्याबद्दल आहे, घर नसण्याबद्दल नाही. त्यातली बरीचशी कलमं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती रद्दही केलीत. त्या कायद्याखाली नेतात म्हणजे पकडून नेतात, सोय म्हणून नव्हे.

मूळचा_भद्रकालीचा
घाटाजवळच्या जुन्या धर्मशाळा बघा. सरदार चौकापासून खाली उतरलं की चिक्कार आहेत. जागेवर जागा, कामाच्या जवळ.

गोदाकाठी
जून ते सप्टेंबर? घाटाला? अहो, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी यायला वेळ लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही नाशकात होतात ना? ३८ जणांना, त्यात म्हाताऱ्यांना, मध्यरात्री कुठे उचलून नेणार?

मूळचा_भद्रकालीचा
होतो. सराफ बाजारात मित्राच्या दुकानातून माल वर चढवत होतो. मुद्दा मान्य.

संघटक_निवृत्त
दोन दिवस नुसतं वाचतेय. मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत समुदाय संघटक होते, निवाऱ्याचंच काम होतं. जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, तुम्ही ‘मदत’ मागताय ही चूक. २०१३ ला राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा वेगळा घटक होता. दर १ लाख लोकसंख्येला किमान १०० जणांची सोय, असा निकष. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४,८६,०५३. म्हणजे तेव्हाच्या आकड्यानंही चौदा-पंधराशे माणसांची सोय हवी. ती करायची जबाबदारी स्थानिक संस्थेची. तुमची संस्था फक्त चालवते. तेव्हा अर्जात ‘विनंती की सहकार्य करावे’ लिहू नका. ‘आपल्या निवारा केंद्रातील ३८ लाभार्थ्यांची पर्यायी व्यवस्था’ असं लिहा. ‘आपल्या’ हा शब्द महत्त्वाचा.

दुसरं, क्षेत्रफळ. मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी किमान ५ चौरस मीटर, ढोबळ ५० चौरस फूट. तुमच्या ३८ जणांना १९०० लागतात. तो हॉल १२०० चा. चोवीस माणसं मावतात, उरलेल्या चौदांची नावं कोण ठरवणार, असं लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर ‘ॲडजस्ट करा’ म्हणतील.

तिसरं, अंतर. निवारा शक्यतो बेघर लोक जिथे राहतात आणि कामाला जातात त्याच्या जवळ असावा, हे त्याच सूचनांमध्ये आहे. तुमच्या रजिस्टरची महिनाभराची पानं झेरॉक्स करून जोडा. नावं झाका, वेळा दिसू द्या. माझ्या अनुभवात वीस पानी निवेदनापेक्षा ‘रात्री १.५०, केटरिंग’ जास्त चालतं.

चौथं, आणि हे कोणी सांगत नाही. ‘जागा द्या’ असा अर्ज कधीच करू नका. ‘अमुक इमारत द्या’ असा करा. जागा शोधणं हे कोणाच्याच टेबलाचं काम नसतं. मिळकत विभागाकडे समाजमंदिरं, अभ्यासिका, बंद पडलेले दवाखाने यांची यादी असते. पंचवटीत फिरून कुलूप लावलेल्या तीन इमारती हेरा, फोटो काढा, तिन्ही अर्जात घाला. आयुक्तांच्या नावानं, प्रत मिळकत विभागाला, पंचवटी विभागीय कार्यालयाला आणि उपजीविका कक्षाला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज नाही.

अडीच_पाव
पण ते अभियान ३० सप्टेंबर २०२४ लाच संपलं ना? निधीच नाही तर निकष घेऊन काय करायचं? उगाच ताईंना आशा लावू नका.

संघटक_निवृत्त
अभियान संपलं हे बरोबर. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश संपले नाहीत. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत (१९६/२००१) २०१० मध्ये मोठ्या शहरांना सांगितलंय, लाखाला एक निवारा, चोवीस तास आणि वर्षभर चालू. त्याची सुरुवात कशानं झाली ठाऊक आहे? दिल्लीत पुसा रोडच्या चौकातला तात्पुरता निवारा डिसेंबर २००९ च्या थंडीत पाडला, म्हणून. हलवाहलवीच्या भानगडीतूनच ते सगळं आलंय. शिवाय इथे नवी इमारत कोण मागतंय? बंद खोलीची किल्ली मागतोय, तिला कुठल्या योजनेचा निधी लागतो?

स्लॅबवाला
पोर्टा केबिन हा पर्याय कोणीच बोललं नाही. आठ केबिन, मोकळं मैदान, चार दिवसांत उभं.

गोदाकाठी
आणि मलनिःसारण? पावसाळ्यात मोकळ्या मैदानात? इंजिनिअर तुम्ही आहात म्हणून विचारते.

उपद्व्यापी
महापालिकेची शाळा का नाही घेत? सुट्टीच आहे.

सुईदोरा
शाळा सुचली होती. जूनच्या मध्यावर उघडतात, मग पंधरा दिवसांत पुन्हा गाशा गुंडाळायचा. एकदा हलवतानाच पाच-सहा माणसं गळतात हो. ‘चार दिवस पुलाखाली काढतो’ म्हणून जातात आणि मग दिसत नाहीत.

@स्लॅबवाला, रिपोर्ट मिळाला. सी-२ए लिहिलंय.

स्लॅबवाला
मग माझा टेकूचा सल्ला मागे. रिकामी करावीच लागेल, एकही दिवस लांबवू नका, पहिल्या पावसाच्या आत बाहेर पडा. आणि कामाचा कार्यादेश निघालाय का, त्यात मुदत किती, ते विचारा. चार महिने तोंडी असतील तर ते आठ असतात. हे मी माझ्याच धंद्याबद्दल बोलतोय.

मूळचा_भद्रकालीचा
मी काय म्हणत होतो? सिंहस्थ. तपोवनातल्या झाडांचं काय चाललं ते पाहिलंत ना? साधुग्रामसाठी अठराशे झाडं म्हणत होते.

अनुस्वार
झाडांचा धागा वेगळा आहे. तिथे तुमचे चाळीस प्रतिसाद मी वाचलेत.

मूळचा_भद्रकालीचा
एक्केचाळीस.

संघटक_निवृत्त
भद्रकालीकरांची शंका मात्र फेकून देऊ नका, ताई. सिंहस्थ असो नसो, तात्पुरतं हलवलेलं केंद्र परत न येणं मी दोनदा पाहिलंय. मुद्दाम कोणी करत नाही. दुरुस्ती होते, नवा रंग बघून कुठल्या तरी विभागाला जागा आवडते, तोवर साहेब बदललेले असतात आणि फाईलमध्ये फक्त ‘केंद्र स्थलांतरित’ एवढाच शेरा. म्हणून स्थलांतराच्या आदेशातच तीन ओळी घालून घ्या: कुठल्या तारखेपर्यंत, दुरुस्तीनंतर त्याच जागी, आणि क्षमता तेवढीच. जागा थोडी उन्नीस-बीस मिळाली तरी चालेल, या तीन ओळी सोडू नका.

आणखी एक. लोकांच्या आधारवर केंद्राचा पत्ता असेल. तो बदलायला जाऊ नका, जुन्या पत्त्यावर पोस्ट येत राहील अशी पोस्टमनशी सोय करा. चार महिन्यांसाठी पत्ता बदलला की रेशन, बँक, सगळ्याचं शुक्लकाष्ठ मागे लागतं.

पावशेर
माझ्या ओळखीचा एक पोस्टमन आहे पंचवटीत. सांगू का त्याला?

सुईदोरा
@पावशेर, सांगा. खरंच सांगा. खासगी निरोप पाठवते.

---

सुईदोरा (आठ दिवसांनी)
अपडेट द्यायला उशीर झाला.

तीन नाही, पाच कुलूपबंद इमारती सापडल्या. एक बंद अभ्यासिका मिळाली, केंद्रापासून चालत बारा मिनिटं. मी सलूनवाल्या काकांना घेऊन चालून बघितलं, त्यांचा पाय अधू आहे, त्यांना अठरा लागली. पण ती ११०० फुटांची, म्हणजे बावीस माणसं. उरलेल्या सोळांसाठी जवळच्या समाजमंदिराचा वरचा मजला. तिथे बायका आणि लेकरं ठेवतोय, आणि ज्यांना पहाटे उठायचं नसतं असे पाच म्हातारे बाजूच्या वेगळ्या खोलीत. दोन जागा म्हणजे रात्रीचे दोन काळजीवाहक, त्याचा पगार अजून लटकलाय.

आदेशात तारीख आली. ‘दुरुस्तीनंतर मूळ जागी’ हेही आलं. क्षमतेची ओळ आली नाही. पुरवणी पत्र दिलंय, आवक क्रमांकासकट.

मला वाटत होतं लोक ‘कुठे झोपायचं’ विचारतील. सगळ्यांचा पहिला प्रश्न होता, ‘माझी पेटी कुठे ठेवणार?’ आमच्याकडे भिंतीतली कपाटं आहेत, प्रत्येकाला एक, किल्ली ज्याची त्याच्याकडे. चौदा नंबरवाले आजोबा किल्ली करगोट्याला बांधतात. आत काय, तर आधार, बायकोचा फोटो आणि ऑगस्ट २०१७ चं सिव्हिलचं डिस्चार्ज कार्ड. अभ्यासिकेत कपाटं नाहीत. पुस्तकांच्या रॅकला दारं बसवून घेतोय, सुतार उद्या येतोय.

रविवारी हलतोय. टेम्पो मिळाला. कोणाकडे छोटी कुलपं असतील, दोन किल्ल्यांची, तर ३८ हवीत. ब्लँकेट नकोत.

स्लॅबवाला
बारा कुलपं माझ्या साईटवर आहेत. शनिवारी आणून देतो, रॅकच्या दारांना कडी कुठली लावायची तेही बघतो.

उपद्व्यापी
अभिनंदन ताई! मग ब्लँकेट अभ्यासिकेत आणू की समाजमंदिरात?