मदत हवी आहे: संडेस्कूलची 22 मुलं, 15 मिनिटं आणि येशूजन्माचं नाटुकलं

संडेस्कूल_खानापूर
नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये 21 डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी, मुलांचा नाताळ कार्यक्रम आहे. मुलं 22, वय 3 ते 8. जागा वेदीसमोरची, 12 बाय 8 फूट. निम्मी मुलं कन्नड माध्यमाची, त्यांना देवनागरी वाचता येत नाही. सरावाला 16 नोव्हेंबरपासून पाच रविवार मिळतात. संवाद कुणाला द्यावेत, पोशाख कसे करावेत आणि एवढ्याशा मुलांचा आवाज मागच्या बाकापर्यंत कसा न्यावा?

निपाणीची_टीचर
ताई, सहा वर्षांच्या आतल्या मुलांना संवाद देऊच नका. कथा एखाद्या मोठ्या मुलीनं बाजूला उभं राहून बायबलमधून वाचायची: लूक 2 ची पहिली वीस वचनं, मग मत्तय 2 ची पहिली बारा. मुलांनी फक्त यायचं, ठरलेली एक कृती करायची आणि बसायचं. संवाद पाचच ठेवा, तेही सहा ते आठ वर्षांच्या मुलांना, प्रत्येकी पाच-सहा शब्दांचे.

इशारा शब्दाचा ठेवू नका. ‘मेंढपाळ’ हा शब्द वाचनात चार वेळा येतो आणि चारही वेळा मुलं उठतात. त्यापेक्षा आवाज ठरवा: देवदूतांना घंटी, मेंढपाळांना डफाची थाप, मागींना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, झांज. तीन वर्षांच्या मुलालाही हे दुसऱ्या सरावात कळतं.

वाटणी अशी बसेल: मरिया, योसेफ, मुख्य देवदूत गब्रीएल, पाच मेंढपाळ, चार मागी, सहा देवदूत, आणि सगळ्यात धाकटी चार मेंढरं. मागी तीनच होते असं मत्तय कुठं म्हणत नाही, तेव्हा चौथ्याला नाही म्हणू नका. मेंढरांनी पहिल्यापासून खालीच बसायचं.

कन्नड शाळेतल्या मुलांना ओळी लिहून देऊ नका, ऐकवूनच शिकवा. पालकांच्या व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाची क्लिप पाठवा, एका क्लिपमध्ये एकच ओळ. ‘जग’, ‘माझा’, ‘चारा’ यांतले ज, झ, च कन्नडमध्ये नाहीत, त्यामुळे ते वेगळे उच्चारले जातात. स्टेजवर टोकू नका, मूल तिथंच गप्प होतं. संवाद लिहितानाच असे शब्द टाळा की.

सुई_दोरा_शहापूर
पोशाखाचं सांगते. मेंढपाळ म्हटलं की आपल्याकडं घोंगडीची खोळ आणि काठी. दिसायला फार सुंदर, पण अख्खी घोंगडी सहा वर्षांच्या पोराला पेलत नाही, मागं ओढली जाते आणि पाठचं मूल तिच्यावर पाय देतं. जुन्या तपकिरी ब्लँकेटचा एक बाय सव्वा मीटरचा तुकडा घ्या, तशीच खोळ करा, गळ्यापाशी वेल्क्रो लावा. सेफ्टी पिन नको, उघडली की टोचते. खरी घोंगडी योसेफाच्या एका खांद्यावर टाका, आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, नाहीतर मान खाजते. काठ्या पाचांना नको, दोघांनाच, तीन फुटी आणि टोकाला रबर. पाच काठ्या म्हणजे लढाई.

देवदूतांचे पंख पुठ्ठ्याचे करा, वर पांढरं कापड. उंची 35 सेंटीमीटर, दोन्ही मिळून रुंदी 45 च्या आत, कारण ओळीत एकेका मुलाला दीड फूटच मिळतो. दोन सेंटीमीटर रुंद इलॅस्टिक दोन्ही खांद्यांवरून आणून छातीवर फुलीसारखं ओलांडा. सरळ दोन पट्टे ठेवले तर पंख खाली घसरतात. मुकुटाची पट्टी 55 सेंटीमीटर कापा. या वयाचं डोकं साधारण 50 ते 52 भरतं, उरलेलं चिकटवायला.

गव्हाणीला टोमॅटोची लाकडी पेटी पुरते. सुगीनंतर भाताचं पिंजर (पेंढा) गावातच मिळेल, दोन दिवस उन्हात वाळवून झाडून घ्या, ओलं असलं की किडे निघतात. वर मऊ कापड अंथरा आणि बाळ म्हणून बाहुलीच ठेवा.

हार्मोनियम_कॅम्प
गाणं एकच, कडवी दोन. पट्टी अशी धरा की खालचा सूर मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या (C) खाली जाणार नाही आणि वरचा पांढरी सहाच्या (A) पुढं फारसा जाणार नाही. मोठ्यांच्या गायनमंडळाची पट्टी तशीच घेतली की मुलं खालचे सूर सोडून देतात, वरचे ओरडतात. कीबोर्ड असेल तर ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) वापरा आणि पहिल्या सरावापासून तीच पट्टी ठेवा.

मूल मोठ्यानं गात नाही, म्हणून माइक जवळ आणा. दोन स्टँड माइक, चार फुटांच्या अंतरानं, मुलांच्या हनुवटीच्या उंचीला. स्पीकर माइकच्या पुढं, लोकांच्या बाजूला तोंड करून. मागं ठेवले की शिट्टी वाजते. हातात माइक दिला तर मुलं तो चाटतात किंवा पोटाशी धरतात. वीज जाईल हे धरून चला, बॅटरीचा स्पीकर चार्ज करून ठेवा.

संडेस्कूल_खानापूर
खूप उपयोग झाला. दोनच गोष्टी राहिल्या. मंडळींना खऱ्या मेणबत्त्या हव्या आहेत. आणि आईला बघून मूल रडलं तर?

निपाणीची_टीचर
पिंजर, पुठ्ठा आणि सुती कापड शेजारी असताना जळती मेणबत्ती नकोच. बॅटरीच्या मेणबत्त्या घ्या. मागींच्या हातात ऊद असेल तर डबाच असावा, धूर नको, मुलं खोकतात आणि गाणं तुटतं.

रडण्याबाबत: धाकट्या चौघांच्या आयांना पहिल्या बाकावर बसवू नका, दिसल्या की मुलं उठतात. त्यांना बाजूच्या दाराजवळ उभं करा, स्टेजवरून न दिसतील अशा. मूल रडलं तर एका मोठ्यानं शांतपणे उचलून न्यायचं, वाचन थांबवायचं नाही. म्हणूनच मेंढरांना महत्त्वाची कृती देत नाहीत, एक कमी झालं तरी चित्र बिघडत नाही.

शेवटचे दोन सराव वेदीसमोर, पोशाखासकट घ्या. प्रत्येकाची जागा जमिनीवर रंगीत टेपनं आखा, मेंढपाळांना निळी, देवदूतांना पांढरी. सराव 25 मिनिटांच्या पुढं नेऊ नका. त्या दिवशी मुलं स्टेजवर येण्याच्या वीस मिनिटं आधी सगळ्यांना शू करायला न्या, पंख त्यानंतर लावा. आणि पाळकसाहेबांना सांगून मुलांचा कार्यक्रम पहिला ठेवून घ्या, आठ वाजले की तीन वर्षांची मुलं झोपतात.