शिट्टी कुणी मारली याने काय फरक पडतो म्हणे!

रात्रपाळी:
काल इटालियन संगीतकार मॉरिकोनेच्या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी लिहिलं की शिट्टी कुणी का मारेना, सूर मॉरिकोनेचे, दुसऱ्या कुणी मारली असती तरी तेच ऐकू आलं असतं. तिथेच उत्तर टंकत होतो, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

आलेस्सान्द्रोनी. मॉरिकोनेचं संगीत असलेल्या १९६४ च्या 'फिस्टफुल ऑफ डॉलर्स' या पिक्चरमधली शिट्टी त्याची, गिटारही त्याचीच. बरं, माणूस नुसता शिट्टीवाला नाही, 'कांतोरी मोदेर्नी' हा कोरस त्याने स्वतः उभा केला, त्याचा दिग्दर्शक लिओने, त्याच्या पिक्चरमध्ये मागून जे अंगावर येणारे आवाज ऐकू येतात ते या मंडळींचे. एड्डा देल्लोर्सो याच कोरसातली. १९६६ च्या 'गुड बॅड अग्ली'त टुको वेड्यासारखा कबरी शोधत धावतो तेव्हा एकही शब्द नसताना जी बाई गाते ती ही. मेटालिका हा मेटल बँड, ते १९८३ पासून तीच धून लावून स्टेजवर येतात, समोरच्या गर्दीत किती जणांना एड्डा माहिती असेल? आणि हे लोक म्हणे 'कुणीही' चाललं असतं. तिच्या जागी कुणालाही उभं करून बघा एकदा.

खर्जातला:
सद्गृहस्थ मीच, नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. नावासाठीच भांडताय ना 😄

अर्धंच वाक्य उचललंत. शिट्टी, चाबूक, घंटा हे सगळं एका गाण्यात कोंबायचं डोकं कुणाचं? आलेस्सान्द्रोनी आला, वाजवलं, पैसे घेतले, घरी गेला. रफीसाहेबांचं पण रॉयल्टीच्या (गाण्याच्या कमाईतल्या वाट्याच्या) भांडणात हेच मत होतं की गायकाला ठरलेले पैसे मिळाले, विषय संपला. आता रफींना पण शिकवणार का?

रात्रपाळी:
आणि समोर कोण होतं? लताबाई. त्याच भांडणापायी दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. सोयीचं तेवढं सांगायचं.

मागची_रांग:
लिहिणार नव्हते, पण "पैसे घेतले, घरी गेला" वाचून राहवेना. मी बावीस वर्षं कोरसात गातेय. एकदा आम्हा आठ जणींना सकाळी अकराला बोलावलं, संगीतकार आले आणि म्हणाले, "इथे काहीतरी आऽऽ द्या." बास, एवढंच नोटेशन! मग आमच्यातलीच एक पेटीवर बसली, खालचा आवाज कुणी घ्यायचा, कुठे फाटा फोडायचा, श्वास कुठे चोरायचा सगळं तिने बसवलं, टेक ओके व्हायला रात्रीचे नऊ. गाणं गाजलं. संगीतकारांनी मुलाखतीत सांगितलं की ते आवाज त्यांना पहाटे स्वप्नात ऐकू आले. आम्ही आठही जणी त्यांच्या स्वप्नात होतो म्हणजे, मानधन वाढवून मागायला हवं होतं.

खर्जातला:
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण एका माणसाच्या खोटेपणावरून नियम होत नाही. मॉरिकोने तसा नव्हता.

कलमकसाई:
नियमाचंच बोलायचं तर आपला कॉपीराइट कायदा वाचा. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला रॉयल्टीचा हक्क दिला, टाळ्या. पण त्याच कायद्यात 'परफॉर्मर' कोण हे सांगताना एक पाचर मारून ठेवलीये: सिनेमात ज्याचं काम किरकोळ, जाता-जाता केलेलं आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव टायटल्ससकट कुठेच येत नाही, तो परफॉर्मरच नाही. कामाची मोडतोड करून बदनामी केली तर हरकत घ्यायची, एवढाच काय तो हक्क. म्हणजे नाव देत नाहीत म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही तर नाव कशाला द्यायचं. कोरस 'किरकोळ' आहे का यावर भांडता येईल, पण रोजंदारीवरच्या बाईने कोर्टात कधी जायचं?

रात्रपाळी:
हे माहिती नव्हतं. डोकंच फिरलं.

गीतवेडा:
कोरसचं सोडा हो, गीतकाराचं नाव तरी कोण घेतं? यूट्यूबवर गाणं टाकतात, खाली हिरो-हिरॉईनचं नाव! 'महल'च्या रेकॉर्डवर १९४९ साली लताबाईंच्या जागी 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे चक्क पात्राचं नाव. फिल्मफेअरमध्ये गायनाला बक्षीस यायला १९५९ उजाडलं. गीतकारांची दैना तर विचारूच नका, मी या विषयावर तीन धागे काढलेत, एकावर सुद्धा

कलमकसाई:
आलं यांचं.

गीतवेडा:
बोलू देणार नसाल तर तुम्हीच गा कोरस.

खर्जातला:
मूळ मुद्दा राहिलाच. ज्या 'फिस्टफुल'वरून एवढं रण पेटलंय त्याच्या टायटल्समध्ये खुद्द मॉरिकोनेचं नाव नव्हतं, 'डॅन सॅव्हियो' असं टोपणनाव होतं. तरी जगाला कळलंच ना? काम बोलतं.

मागची_रांग:
संगीतकाराचं काम बोलतं, कारण पुढचा पिक्चर त्याच्या नावावर मिळतो. आमचं काम बोललं तर माईकपासून दोन पावलं मागे व्हा म्हणतात. कोरसात आवाज वेगळा ऐकू आला की तो दोष, आयुष्यभर हेच तर शिकलो. मग शेवटी विचारता, तुम्ही वेगळं काय केलंत?

खर्जातला:
...हे मात्र खरंय. घ्या, दिलं.

रात्रपाळी:
दिलं काय, उपकार करताय का? बरं, 'मा ना मा ना' ऐकलंय ना? टीव्हीवरच्या मपेट्स बाहुल्यांवालं?

खर्जातला:
पोरांना त्यावरच जेवण भरवलंय.

रात्रपाळी:
मूळ १९६८ चं, इटालियन पिक्चरमधलं. संगीत पिएरो उमिलियानीचं, गायलेत आलेस्सान्द्रोनी आणि त्याची बायको. आलेस्सान्द्रोनीने स्वतः चाळीसच्या वर पिक्चरना संगीत दिलं, तरी २०१७ मध्ये गेला तेव्हा ओळख काय? शिट्टीवाला.

खर्जातला:
बरं बाबा, नाव द्या, अगदी मोठ्या अक्षरात द्या. पण शिट्टी मला पण येते, हे मी शेवटपर्यंत म्हणणार.

मागची_रांग:
रेकॉर्ड करून टाका इथे, ऐकतो आम्ही.

खर्जातला:
घरात सगळे झोपलेत.